वाचनालयातल्या संगणकावर जनगणना २०११ : कॅल्क ठेवावं की डीबी ब्राउझर?

प्राथमिक जनगणना गोषवाऱ्याची (गावोगावची लोकसंख्या, साक्षरता वगैरे आकड्यांची) फाइल उतरवून घेणं सोपं आहे. गोंधळ होतो तो ती उघडताना. लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखं तक्त्यांचं सॉफ्टवेअर) आणि डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट (डेटाबेस उघडून त्यात हवं ते शोधण्याचं सॉफ्टवेअर), दोन्ही फुकट. पण काउंटरवर कॅल्क आणि आत कर्मचाऱ्यांकडे डीबी ब्राउझर, ही वाटणी बरी.

कॅल्कची पहिली ठेच कोडांची. तालुक्याचा कोड पाच आकडी आणि शून्याने सुरू होणारा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) तशीच उघडली की शून्य गळतं आणि नंतर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाला जोडताना एकही तालुका जुळत नाही. आयातीच्या चौकटीत कोडांचे रकाने निवडून प्रकार ‘टेक्स्ट’ करा.

दुसरी ठेच बेरजेची. एकाच फाइलीत राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि वॉर्ड यांच्या ओळी असतात, वर एकूण, ग्रामीण, नागरी असे वेगळे भाग. सरसकट बेरीज मारली तर तेच लोक पुन्हापुन्हा मोजले जातात. आधी ‘लेव्हल’ रकान्यावर गाळणी लावा. साक्षरता काढताना ०-६ वयाची मुलं छेदातून वजा करायची. महाराष्ट्राचं उत्तर ८२.३ टक्के येतं. एकूण लोकसंख्येनं भागलं तर ७२.६. वर्तमानपत्रातल्या आकड्याशी का जुळत नाही, असं विचारणाऱ्याची चूक बहुतेकदा इथेच असते.

डीबी ब्राउझरला इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती आहे, म्हणजे पेनड्राइव्हवरूनही काम भागतं. आयात करताना प्रगत पर्यायांत डेटा प्रकार ओळखणं बंद ठेवा, शून्यं वाचतात. मात्र मग लोकसंख्याही मजकूर ठरते. ‘५००० पेक्षा जास्त’ असं विचारलं तर ६०० वस्तीचं गावही यादीत येतं, कारण तुलना अक्षरांची होते. म्हणून तिथे ‘कास्ट’ (डेटाचा प्रकार बदलण्याची आज्ञा) करून पूर्णांक बनवा. फक्त गावांच्या ओळींचा एक ‘व्ह्यू’ (साठवून ठेवलेला शोध) करून ठेवला की हे दर वेळी लिहावं लागत नाही.

गावांची नावं रोमनमध्ये आहेत. वडगाव कधी ‘व्ही’ने, कधी ‘डब्ल्यू’ने. पहिलं अक्षर सोडून शोधा. ही सोय डीबी ब्राउझरच्या गाळणीत फारच चांगली आहे: रकान्याच्या माथ्यावर तुकडा टाइप केला की पुरे.

पालघर मागणाऱ्याला सांगा की २०११ मध्ये तो जिल्हाच नव्हता, १ ऑगस्ट २०१४ ला झाला. ठाण्याखालचे वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे आठ तालुके एकत्र करावे लागतात. कुठलंही सॉफ्टवेअर हे आपणहून करत नाही.

काउंटरवरची फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’च ठेवा. कुणी एकच रकाना निवडून क्रम लावला आणि सेव्ह केलं, तर नावं एकीकडे, आकडे दुसरीकडे, आणि पाहताना काही बिघडलंय असं वाटतही नाही.