तोंडातले चट्टे तपासणारं ॲप: काही महिने दवाखान्यात वापरल्यावर

नवी मुंबईत कोपरखैरण्यात माझा दातांचा दवाखाना आहे. एका बाजूला माथाडी वसाहत, थोडं पुढे तुर्भ्याचं मार्केट आणि एमआयडीसीचा पट्टा. तंबाखू, मावा, मिश्री, सुपारी यांपैकी काही ना काही माझ्या बऱ्याच पेशंटच्या तोंडात रोज असतं. म्हणून तोंडाचे फोटो घेऊन कॅन्सरपूर्व चट्टे ओळखणारं एक ॲप गेले काही महिने मी नेमाने वापरते आहे. त्याचं नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं फोटोवर चालणाऱ्या कुठल्याही साधनाला लागू पडेल.

माझं मत आधीच सांगते. घ्यायला हरकत नाही, मी स्वतः चालू ठेवणार आहे. पण निदान करून घ्यायला म्हणून घेऊ नका. त्याचा खरा उपयोग फोटोंची शिस्तीत नोंद ठेवायला आणि पेशंटला त्याचंच तोंड दाखवायला होतो. आणि त्याच्या हिरव्या, म्हणजे ‘संशयास्पद काही नाही’ अशा निकालावर कुणालाही घरी पाठवू नका.

सोबत फोनच्या कॅमेऱ्यावर बसणारी एक क्लिप येते. तिच्यात गोल दिवा आणि थुंकीची चकाकी मारणारा पोलरायझिंग फिल्टर असतो. ठरलेल्या क्रमाने गाल, ओठ, जीभ, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू यांचे फोटो घ्यायचे. आत हजारो फोटो दाखवून शिकवलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुने ओळखायला शिकणारा संगणक प्रोग्राम आहे. ते संशयाच्या जागेभोवती चौकट काढतं आणि लाल, पिवळा किंवा हिरवा निकाल देतं. विकत घेण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: ज्या फोटोंवर हे शिकलं, त्यांवरची निदानं तज्ज्ञांनी नुसतं बघून लिहिली होती की बायोप्सीच्या, म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याच्या रिपोर्टवरून? नुसतं बघून लिहिली असतील, तर यंत्र त्या तज्ज्ञांच्या नजरेपलीकडचं काही शिकलेलं नाही.

सगळा खेळ फोटोवर आहे. पान खाऊन आलेल्या माणसाच्या गालावर काताचा लाल रंग असतो आणि यंत्र तो लाल चट्टा समजतं. चूळ भरायला लावायची, गॉझने गाल कोरडा करायचा, रिट्रॅक्टरने (गाल बाजूला धरायच्या साधनाने) नीट ओढायचा, मगच फोटो. एवढं करूनही दात मिटल्यावर जिथे टेकतात तिथली गालावरची पांढरी रेघ, जी कित्येक निरोगी लोकांना असते, तिच्याभोवती पिवळी चौकट यायचीच. हिरड्यांवरचा नैसर्गिक काळपट रंग आणि ओठांच्या आतले बारीक पिवळसर दाणेही सुरुवातीला खूप वेळा पकडले गेले. यात एक रंगीत नकाशा उघडता येतो, यंत्राने नेमकं कुठे पाहून निकाल दिला ते त्यात दिसतं. तो उघडायची सवय लावून घ्या. दातावरच्या धातूच्या कॅपच्या कडेवरच नकाशा पेटलेला दिसला की तो निकाल मी धरत नाही.

पिवळ्या-लाल निकालांनी घाबरून जाऊ नका, त्यामागे साधं गणित आहे. समजा १००० माणसं तपासली, त्यांतल्या ५० जणांना खरंच चट्टा आहे, आणि यंत्र आजारी-निरोगी दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे. मग ४५ जण सापडतील, ५ निसटतील, आणि ९५ निरोगी माणसंही धोक्याच्या यादीत येतील. म्हणजे यंत्राने बोट दाखवलेल्या १४० जणांपैकी खरे ४५च. ज्यांचा तपास वाढतो त्यांची मला फार चिंता नाही, त्यांना मी पुन्हा नीट बघते. चिंता निसटलेल्या पाचांची आहे. विक्रीच्या पत्रकावर मात्र ९० हा आकडाच मोठ्या अक्षरांत असतो.

आणि निसटणारे नेमके कोण, हे वापरताना हळूहळू स्पष्ट होत गेलं.

सुपारीमुळे होणारा सबम्यूकस फायब्रोसिस हा कॅन्सरपूर्व आजार आपल्याकडे खूप दिसतो. सुपारीतलं अरेकोलिन हे रसायन कोलॅजेन, म्हणजे अस्तराखालचे चिवट धागे वाढवतं, गालाच्या आतलं अस्तर फिकं आणि ताठ होत जातं, पट्टे तयार होतात. सुरुवातीला पेशंट एवढंच सांगतो की तिखट झोंबतं. किंवा ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन झालेल्या असतात. मग हळूहळू तोंड उघडेनासं होतं. या आजाराला चट्ट्यासारखी कड नसते, सगळा गालच फिका पडतो, त्यामुळे चौकट काढायची कुठे हे यंत्राला कळत नाही. ताठ पट्टे लागतात ते बोटाला. शिवाय ज्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही त्याच्या गालाच्या मागच्या भागापर्यंत कॅमेरा जातच नाही. सगळ्यात जास्त धोका ज्यांना, त्यांचेच फोटो अर्धवट येतात, आणि अर्धवट फोटोंवरही ॲप हिरवा निकाल देतं. मोठ्या माणसाचं तोंड ३५ मिलिमीटरच्या पुढे उघडायला हवं. ते मोजायला साधी पट्टी पुरते, ॲप मात्र हे कुठेच विचारत नाही. ‘तंबाखू सोडली मॅडम, आता नुसती सुपारी’ असं सांगणाऱ्यांसाठी ही मोजणी तर हवीच. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे.

दुसरी निसटणारी जागा म्हणजे खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली खोबण. मळलेल्या तंबाखूचा बार तिथेच धरला जातो. ॲपच्या ठरलेल्या फोटोंमध्ये ती अर्धीच येते. मी दोन्ही बाजूंचे दोन जादा फोटो घेते आणि बोट फिरवून बघते. घट्ट लागलं तर यंत्र काय म्हणतं ते मी बघत बसत नाही.

आता चांगलं. सविस्तर लिहिते, कारण पैसे वसूल होतात ते इथेच.

पुढच्या भेटीत फोटो घेताना आधीचा फोटो पडद्यावर पुसट दिसतो, त्यावर जुळवून नवा घेता येतो. पूर्वी कार्डावर मी ‘डावा गाल, पांढरा चट्टा, सुमारे १ सेंमी’ एवढंच लिहायचे. तीन महिन्यांनी तो वाढला की तेवढाच आहे, हे आठवणीवर ठरायचं. आता दोन फोटो शेजारी ठेवते. मार्केटमध्ये हमाली करणाऱ्या एका पेशंटच्या गालावर गुळगुळीत, एकसारखा पांढरा चट्टा होता. काही महिन्यांनी त्याच जागी दाणेदारपणा आला, मध्ये लाल ठिपके दिसले. ॲपने दोन्ही वेळा पिवळाच निकाल दिला होता. फरक कळला तो फोटो शेजारी ठेवल्यामुळे. एकसारख्या पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल-पांढरा मिश्र चट्टा जास्त धोक्याचा, म्हणून लगेच बायोप्सीला पाठवलं. रिपोर्टमध्ये मध्यम प्रतीचा डिस्प्लेझिया, म्हणजे पेशींमधला कॅन्सरपूर्व बदल आला. चट्टा काढला, आता ते नियमित तपासणीला येतात. उलट प्रकारही पाहिला. टोकदार दात घासून झालेला पांढरा चट्टा दात गुळगुळीत केल्यावर दोनेक आठवड्यांत विरला, आणि दोन फोटो बघून पेशंटसह सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पेशंटला पडद्यावर दाखवणं हा तर मोठाच फायदा आहे. हे चट्टे दुखत नाहीत, म्हणून माणूस ऐकत नाही. मिश्री लावणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “दुखत न्हाई खुपत न्हाई, मग कशाला बघायचं?” मी गालाच्या आतला फोटो मोठा करून दाखवला आणि शेजारी दुसऱ्या बाजूचा चांगला गाल दाखवला. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे माझ्या सुनेला दाखवा, ती गावाकडं बाकीच्यांना सांगंल.” पुढच्या वेळी सुनेसोबत आल्या. मिश्री पूर्ण सुटली नाही, पण कमी झाली आहे, आणि त्या येत राहिल्या आहेत. इतकी वर्षं तोंडी समजावून मला एवढा परिणाम क्वचितच दिसला.

बायोप्सीला तयार करणं अजूनही अवघड जातं. ‘तुकडा काढला की पसरतो’ ही भीती पक्की बसली आहे, आणि ‘टाटा’चं नुसतं नाव निघालं की घरात रडारड होते. खरं तर खारघरला त्यांचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आपल्या इतकं जवळ आहे. मी सांगते की तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही, पण तो न काढता वाट बघितली तर वेळ जातो. यंत्राचा लाल निकाल इथे मी दाखवत नाही. त्याने घाबरून माणूस पुन्हा येईनासा होतो. फोटो दाखवते.

एक गोष्ट नव्या डॉक्टरांसाठी. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेली तोंडाच्या तपासणीची मोठी चाचणी अवश्य वाचा, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, आणि तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे काम उजेड, प्रशिक्षित नजर आणि पाठपुरावा एवढ्यावर झालं. ॲप वापरताना यातलं काहीही कमी होऊ देऊ नका.

परवानगीबद्दल थोडक्यात. फोटो कुठे साठतात ते पेशंटला मराठीत सांगून सही घ्या, ॲपचा संमतीचा मजकूर इंग्रजीत आहे. फोटोत डोळे येऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर कुणाचं मत मागवताना नाव काढून टाका.

कंपनीला मी तीन सुधारणा कळवल्या आहेत: तोंड किती उघडतं त्याची नोंद सक्तीची करा, खोबणीचे फोटो ठरलेल्या क्रमात घ्या, आणि फोटो अपुरे असतील तर हिरव्याऐवजी ‘तपासणी अपूर्ण’ असा निकाल द्या. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. ती होईपर्यंत माझ्या दवाखान्यात हिरवा निकाल पेशंटला सांगितला जात नाही, आणि दोन आठवड्यांत न भरलेली प्रत्येक जखम, ॲप काहीही म्हणो, बायोप्सीला जाते.