वाणातले मणी वाढले

आपल्यात काच फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्यामुळे रथसप्तमीच्या दोन दिवस आधी पलीकडच्या गल्लीतल्या माईंचा फोन आला, "अगं, तुझ्या वाणातला मणी वाढला हो," तेव्हा मला आधी हसूच आलं. म्हटलं, पडला असेल हातातून. संध्याकाळी वहिनी आली. तिचा मणी तर गळ्यातच, बसल्या जागी, टिक्‌ करून दोन तुकडे झाला होता. पुढच्या आठ दिवसांत अकरा फोन आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बेचाळीस जणींना स्वतः केलेला एकेक मणी रेशमी दोऱ्यात ओवून लुटला होता. ग्वाल्हेरचं मराठी जग लहान. लष्कर या आमच्या भागातल्या एका घरात शिंकलं तर तीन घरांत कळतं. माझी काय अवस्था झाली असेल, बघा.

मी पाचेक वर्षं घरी काचेचे मणी करते. गच्चीवरची खोली, गॅसचा बर्नर, डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा, कारण तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या झळाळीत मणी दिसतच नाही. स्टीलच्या तारेवर केओलिनची माती लावून वाळवायची, काचेची कांडी ज्योतीत मऊ करायची आणि तारेवर गुंडाळत जायची. झालेला मणी लगेच भट्टीत. माझी भट्टी सराफ्यातल्या एका कारागिराकडून घेतलेली, जुनी, विजेची. ५१५ अंशांच्या आसपास तो मणी मुरवायचा आणि रात्रभर हळूहळू थंड करायचा, यालाच एनीलिंग म्हणतात. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा चार-पाचवर येतो, तेव्हा घाई करून चालतच नाही.

यात एकच नियम असा आहे की तो मोडला तर क्षमा नाही. एका मण्यात दोन काचा वापरायच्या तर दोन्ही सारख्याच प्रमाणात आकसल्या पाहिजेत. तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा एक आकडा असतो. इटलीच्या मऊ कांड्यांचा १०४, दुसऱ्या एका जातीचा ९०, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची बोरोसिलिकेट काच जेमतेम ३३. डोळ्यांना सगळ्या सारख्याच. १०४ आणि ९० एका मण्यात घातल्या की थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि ती ओढाताण आतच राहते. मणी लगेच तडकेल असं नाही. आठवडा जाईल, तीन आठवडे जातील. माझी फसवणूक याच उशिरावर उभी होती, हे मला फार उशिरा उमगलं.

दिवाळीच्या सुमारास फोनवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. मुंबईचा आयातदार, इटालियन १०४, गोदाम रिकामं करायचंय. बोलायला गोड. "दीदी, आप तो कलाकार हैं" वगैरे. १२९१ साली व्हेनिसने आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, हा इतिहास त्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. मी पाव किलो नमुना मागवला, ९०० रुपयांचा. आला तो अस्सल. सुंदर वितळला, एक मणी तडकला नाही. मग तो म्हणाला, सहा किलो घेतलेत तर २४०० रुपये किलो, पण आज संध्याकाळपर्यंतच. मी १४,४०० रुपये यूपीआयने पाठवले. अहो म्हणाले होते, "बिल तर मागवून घे." मी मागवलं. फोटो आला, वर 'एस्टिमेट' लिहिलेलं, खाली जीएसटी नंबर. मी तो वाचलाही नाही.

आता खुणा सांगते. त्या मला दिसल्या होत्या आणि मी प्रत्येकीला काहीतरी सबब दिली.

फिरोजी रंगाच्या अस्सल कांडीत तांबं असतं. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की तिच्यावर लालसर-तपकिरी साय धरते. आम्ही त्यावर वैतागत असतो. नव्या मालातल्या फिरोजीवर साय धरेना. मला वाटलं, वा, माझी ज्योत सुधारली! दुसरी खूण याहून ठळक. हस्तिदंती काचेवर फिरोजीचे ठिपके दिले की दोन्हींच्या सीमेवर काळपट रेघ उमटते, हस्तिदंतीतलं गंधक आणि फिरोजीतलं तांबं मिळून. ती रेघ मला आवडते, वाणाच्या मण्यांवर मला तीच हवी होती. ती उमटलीच नाही. मी स्वतःला समजावलं की ठिपके पातळ पडले असतील. तिसरी, काही कांड्या लोण्यासारख्या वितळायच्या आणि काही हट्टी, बर्नरसमोर बराच वेळ धराव्या लागायच्या. स्वस्तात घेतलेल्या वस्तूवर माणूस संशय घेत नाही, उलट तिची वकिली करतो.

मणी वाढायला लागल्यावर मी त्याला फोटो पाठवले. त्याने फोन उचलला, अगदी आपुलकीने. "दीदी, कांच तो वही है। आपकी एनीलिंग में गड़बड़ है।" हे मला पटलं, कारण जुन्या भट्टीवर माझा आधीपासूनच राग होता. तो म्हणाला, तापमानाचा कंट्रोलर बदला, माझ्याकडे इंपोर्टेड आहे, ६,५०० मध्ये देतो. मी पाठवले. ज्याने गंडवलं त्यालाच इलाज विचारला आणि त्याची फीसुद्धा दिली! कंट्रोलर आला नाही. चार दिवसांनी फोन लागेनासा झाला.

खरं काय ते कळलं आमच्या मेळ्यात. १९०५ पासून भरणारा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा थंडीत असतो, आणि तिथे फिरोजाबादच्या बांगड्यांची दुकानं लागतात. एका दुकानावर हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलपूरचे एक वयस्क कारागीर मण्यांच्या माळा विकत होते. पुरदिलपूर म्हणजे घरोघरी काचेचे मणी करणारं गाव. मी पर्समधून दोन कांड्या काढून दाखवल्या. त्यांनी एक बोटांत फिरवली, कापलेलं टोक उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "बहनजी, ये तो हमारे यहाँ का माल है। ये दूसरी वाली नहीं।" मग थोडं रागानेच, "हमारे कांच में कोई खोट नहीं। मिलाया क्यों?"

तो राग रास्त होता. काच वाईट नव्हती. त्यांच्या गावची काच त्यांच्याच काचेशी इमानदार असते, पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पोटं त्यावर भरली आहेत. माझ्याकडे आलेल्या मोळीत दोन-तीन ठिकाणचा माल एकत्र बांधून वर इटलीचं नाव चिकटवलं होतं. मोळीच्या बाहेरच्या फेरीत मात्र खऱ्या कांड्या होत्या, हे मी घरी येऊन बघितलं.

कांडी कशी पारखायची, ते शिकून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. खात्रीची एक कांडी आणि नवी एक कांडी, दोन्हींची टोकं मऊ करून शेजारी-शेजारी चिकटवा, नीट तापवा आणि ओढून वीतभर बारीक तार काढा. तार थंड झाल्यावर सरळ राहिली तर दोघींचं जमतं. धनुष्यासारखी वाकली तर नाही, आणि वाकल्यावर जी काच आतल्या बाजूला असते ती जास्त आकसणारी. हे मोळीतल्या प्रत्येक रंगाला करायचं, नुसत्या नमुन्याला नाही, आणि माल आला त्याच दिवशी. "सात दिवसांत परत" असं म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की काच सात दिवसांत बोलत नाही.

जीएसटी नंबरही मी मग वाचला. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. मुंबईचा व्यापारी असेल तर २७ हवे. माझ्या कागदावर ०९ होते, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर घातला तर नाव भलत्याच माणसाचं निघालं, धंदाही भलताच. पैसे पाठवण्याआधी दोन मिनिटं दिली असती तर.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, तक्रार नोंदवली, पण पहिल्या रकमेला तीन महिने होऊन गेले होते आणि दुसरीलाही एकोणीस दिवस. पलीकडची बाई चांगली होती, तरी म्हणालीच, "मॅडम, उसी दिन करना था।" ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, पहिला प्रश्न बिलाचा, दुसरा हा की माल विकायला घेतला होता की घरासाठी. मी अधूनमधून मणी विकते, म्हणून मी त्यावर अडखळले. वाणासाठीच घेतला होता, हे खरं होतं आणि तसंच लिहून दिलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे कागद तिथेही दिलेत. तारीख पडलीय. समोरच्याचा पत्ता खरा नाही, तेव्हा फार आशा ठेवून बसलेली नाही.

बेचाळीसपैकी सत्तावीस मणी परत गोळा केले, नवे करून दिले. माईंनी आपले तुकडे दिले नाहीत, तुळशीच्या कुंडीत पुरले म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात पुन्हा तीच जाहिरात दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, "इटालियन १०४, मर्यादित स्टॉक". फोटोत कांड्या एका निळ्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या. मला पाठवलेल्या फोटोतही तीच पेटी होती, झाकणाच्या डाव्या कोपऱ्याला पोचा आलेली.