रिमोटच्या बटणांचे कार्बन पॅड: काही महिने वापरून झाल्यावर

टीव्हीच्या रिमोटची बटणं दुरुस्त करायचं किट मिळतं. त्यात वीज वाहून नेणाऱ्या काळ्या रबराच्या बारीक गोल टिकल्या (म्हणजेच पॅड) असतात आणि त्या चिकटवायला सिलिकॉनची ट्यूब. ते बसवून आता बरेच महिने झाले आणि रिमोट रोज सगळ्यांच्या हातात असतो, त्यामुळे खात्रीने लिहिते आहे.

आमच्याकडे आवाज वाढवायचं बटण अंगठ्याने जोर देऊन, तिरकं दाबलं तरच चालायचं. चॅनलच्या बटणाचंही तेच. क्वचित लागणारी बटणं मात्र ठणठणीत. दोषाचं अर्धं निदान इथेच होतं, कारण सेल उतरले असते तर सगळीच बटणं कुरकुरली असती. तरीही मोबाईलचा कॅमेरा सुरू करून, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून एकेक बटण दाबून बघा. रिमोटचा एलईडी साधारण 940 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यात जांभळट लुकलुक दिसते. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचा वापरा. म्यूट दाबल्यावर लुकलुक आणि आवाजाच्या बटणावर अंधार, म्हणजे सेल, एलईडी, चिप शाबूत आहेत आणि दोष त्या बटणाखाली आहे. काहीही न दाबता लुकलुक चालू असेल तर एखादं बटण आत अडकलंय. अशा रिमोटचे सेल भराभर संपतात आणि बाकीची बटणंही दाद देत नाहीत. ब्लूटूथ रिमोटवर ही चाचणी फसवी ठरते, कारण त्यात अनेकदा पॉवरसारखी एकदोन बटणंच अवरक्त प्रकाशावर चालतात.

उघडण्याआधी सेलच्या खणात आणि स्टिकरखाली स्क्रू आहे का बघा. पुढचं काम खाचांचं. जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीत सरकवत नेलं की त्या एकेक करून सुटतात. स्क्रूड्रायव्हरने कडा कुरतडल्या जातात.

आत बटणांची रबरी चटई निघते. तिच्या पाठीवर प्रत्येक बटणामागे काळी टिकली आणि खालच्या बोर्डावर तिच्या समोर कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकांत गुंतलेल्या काळ्या रेषा. टिकली त्या रेषांवर टेकली की सर्किट जोडलं जातं, एवढीच सगळी करामत. आमच्या बोर्डावर नेमका आवाजाच्या बटणाखाली चकचकीत ओलसर थर होता. बोट फिरवलं की बुळबुळीत लागायचं. काही सांडलेलं नव्हतं. सिलिकॉन रबरातून वर्षानुवर्षं तेल झिरपतं, तेच ते.

म्हणून किट विकत घेण्याआधी सफाई करा, हे मी आग्रहाने सांगेन. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कानकाडीने पुसायचा. चटई भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायची. थिनर आणि ॲसिटोन लांब ठेवा, प्लास्टिक विरघळतं. बोर्डावर पॉलिश पेपर तर अजिबात नको, कार्बनचा थर गेला की परत येत नाही. एवढ्यावर आमची बहुतेक बटणं सुधारली. दोनच उरली, त्यांच्या टिकल्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. किटचं खरं काम तिथे.

पेन्सिलचं शिसं घासायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. चालतो, पण भुकटी सुटते आणि बटण पुन्हा मुकं होतं. पॅडचं तसं होत नाही. मात्र चिकटवायला सिलिकॉनच हवं, झटपट चिकटवणारा नेहमीचा गोंद सिलिकॉन रबर धरत नाही. जुनी टिकली ब्लेडने थोडी तासून घेतली, नाहीतर जाडी वाढून बटण कायमचं दाबलेलं राहतं. टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच सिलिकॉन लावून दिवसभर सुकू दिलं.

दोन्ही बटणं आजही हलक्या बोटाला चालतात. मध्यंतरी एका पॅडची कड उचलली गेली, ती पुन्हा चिकटवली. बटणाचा स्पर्श आधीपेक्षा किंचित कडक आहे. आकड्यांच्या छोट्या बटणांना किटमधले पॅड मोठे पडतात, कात्रीने कापून घ्यावे लागतात. हे सगळं धरूनही मी पुन्हा हेच किट घेईन.

रिमोट जोरात पडून बंद झाला असेल तर हे घेऊ नका. तेव्हा बहुतेकदा आतला रेझोनेटर (चिपला ठेका देणारा छोटा भाग) किंवा सेलच्या स्प्रिंगचं सोल्डर तुटलेलं असतं. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी धरली असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा एक थेंब, मग अल्कोहोलने पुसणं, एवढंच पुरतं. आणि ट्यूब एकदा उघडली की आतलं सिलिकॉन लवकर घट्ट होतं, त्यामुळे घरातले रुसलेले सगळे रिमोट एकाच बैठकीत घ्या.