त्रिफळा चूर्णाच्या गुळण्या: हिरड्यांना उपयोगी, पण पुडी पारखून घ्या

पोट साफ व्हावं म्हणून आणलेली त्रिफळ्याची पुडी बहुतेक घरांत असतेच. ब्रश करताना रक्त येत असेल, हिरड्या लाल होऊन सुजल्या असतील, तर त्याच चूर्णाचा काढा गुळण्यांसाठी खरंच कामाचा आहे. 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनशी, म्हणजे औषधी माउथवॉशमधल्या जंतुनाशकाशी, तुलना करणाऱ्या काही चाचण्यांत दातांवरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, कमी करण्यात त्रिफळा जवळपास बरोबरीला आलेला आहे. क्लोरहेक्सिडिन काही आठवडे सलग वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बिघडते, म्हणून रोजच्या वापरासाठी आमची पसंती त्रिफळ्याला.

हिरडा, बेहडा आणि आवळा, तिन्ही समभाग. यात काम करतं ते मुख्यतः टॅनिन. तुरटपणा येतो तो त्याचाच. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं. त्यामुळे किडीला कारणीभूत असलेल्या स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स या जिवाणूंना दाताला चिकटणं आणि साखरेपासून डिंकासारखा थर बनवणं अवघड जातं. हे टॅनिन गरम पाण्यात चांगलं उतरतं, म्हणून घरचा साधा काढाही उपयोगी पडतो. लवंगेचं तसं नाही. तिच्यातलं मुख्य द्रव्य, युजेनॉल, पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे लवंगेच्या पाण्यापेक्षा तेलाचा गुण जास्त. पण ते तेल नुसतं हिरडीला लावू नये, भाजतं. चमचाभर खोबरेल तेलात एक थेंब, एवढंच.

खरा फरक पडतो तो पुडीने. चूर्ण फळाच्या गराचं हवं, अठळी काढलेली हवी. अठळीसकट दळलेल्या चूर्णात निव्वळ वजन वाढतं आणि तुरटपणा उतरतो. चिमूटभर जिभेवर ठेवा: आधी आंबट-तुरट लागलं पाहिजे, आणि वर घोटभर पाणी प्यायलं की ते गोड लागलं पाहिजे. मातकट आणि सपक लागलं तर ती पुडी जुनी किंवा भेसळीची समजा. काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खी फळं आणून खलबत्त्यात कुटली तर उत्तमच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं गोळा करतात तो बाळहिरडा कोवळा असतो, त्यात टणक अठळी धरलेली नसते.

कृती सोपी आहे. 5 ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा चूर्ण 200 मिली पाण्यात घालून मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा. दुहेरी फडक्यातून गाळा. नीट गाळलं नाही तर गाळ हिरडीच्या कडेला अडकतो आणि टोचत राहतो. कोमट झाल्यावर 15 ते 20 मिली तोंडात घेऊन अर्धा-एक मिनिट खळखळवा आणि थुंका. सकाळ-संध्याकाळ दोनदा पुरे. या मापाने 100 ग्रॅमची पुडी वीस दिवस जाते.

काढा लोखंडी कढईत कधीच करू नका. टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाईसारखं निळं-काळं पाणी होतं आणि गुळणीसाठी ते वाया जातं. स्टीलचं पातेलं घ्या. तुरट लागतो म्हणून मध घालणारेही पुष्कळ आहेत, पण त्याने ज्या जिवाणूंना हटवायचं त्यांनाच खाऊ घातल्यासारखं होतं. काढा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, रोज ताजा करावा. तो आंबट असल्याने गुळणीनंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश लावू नका. चहाने पडतो तसा हलका डाग यानेही पडू शकतो.

पाकिटावरच्या ‘99 टक्के जंतू नष्ट’ अशा दाव्यांवर फार विसंबू नये. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या जिवाणूंमध्ये अर्काभोवती किती मिलिमीटरचं वर्तुळ साफ झालं हे मोजतात. तोंडात तेच जिवाणू थर करून, एकमेकांना धरून बसलेले असतात, आणि लाळ अर्क सतत धुऊन नेते. म्हणून आधी ब्रशने थर मोडायचा, मग थोड्या वेळाने गुळणी. यात फ्लोराइड नसतं, तेव्हा पेस्ट बंद करू नका. आणि थर कडक होऊन दातावर पिवळी खरपुडी धरली असेल तर ती कुठल्याही काढ्याने निघत नाही. ती दंतवैद्याकडून खरवडून घ्यावी, आणि गुळण्या त्यानंतर सुरू कराव्यात.