दुनळी रायफल: बॉक्सलॉक घ्यावी की साइडलॉक?

लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा. त्यातली बॉक्सलॉक ही इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची देणगी. वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी १८७५ साली हातोडी, स्प्रिंग आणि सिअर (ताणलेली हातोडी रोखून धरणारा खटका) थेट ॲक्शनच्या, म्हणजे नळ्या ज्याला जोडतात त्या पोलादी अंगाच्या पोटात बसवले. भाग मोजके, बिघाड कमी, दस्त्याचं लाकूडही फार कोरावं लागत नाही. उणीव एकच, पण महत्त्वाची: हे भाग बसवण्यासाठी नळ्यांखालचं पोलाद पोखरावं लागतं, आणि बाराचा ताण नेमका तिथेच येतो. म्हणून मोठ्या काडतुसाच्या बॉक्सलॉकचं अंग जाड ठेवतात.

साइडलॉकची यंत्रणा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर असते. पट्टी काढली की सगळं डोळ्यांसमोर. चांगल्या साइडलॉकला दुसरा, अडवणारा सिअरही असतो. धक्क्याने पहिला निसटला तर तो हातोडी झेलतो. जड रायफलीत ही चैन नव्हे, सुरक्षितता आहे. नक्षीला सपाट जागा मिळते ती वेगळीच. मात्र पट्ट्यांसाठी लाकूड जास्त कोरलं जातं. दुनळी रायफलींत बॅक-ॲक्शन साइडलॉक अधिक पसंत केला जातो, कारण त्यात स्प्रिंग हातोडीच्या मागे जाते आणि नळ्यांखालचं पोलाद भरीव राहतं.

तरीही माझ्या मते लॉकचा प्रश्न दुसरा, पहिला नळ्यांचा. उजवी नळी उडाली की रायफल वर आणि उजवीकडे झुकते, डावी उडाली की डावीकडे. म्हणून नळ्या तोंडाकडे किंचित जवळ आणून जोडतात. कारागीर गोळ्या झाडतो, डाख तापवून सैल करतो, नळ्यांमधली पाचर जराशी सरकवतो, पुन्हा झाडतो. दोन्ही गोळ्या एका जागी पडेपर्यंत हे चालतं. ही जुळणी एका ठरावीक काडतुसापुरतीच असते. .४७० नायट्रो एक्सप्रेस या मोठ्या काडतुसाची रायफल ५०० ग्रेन (सुमारे ३२ ग्रॅम) वजनाच्या गोळीला आणि सेकंदाला २,१५० फुटांच्या वेगाला जुळवलेली असेल, तर हलका बार भरताच दोन्ही गोळ्या फाकतात.

त्यामुळे विकणाऱ्याकडे आधी दोन्ही नळ्यांचं लक्ष्यपत्र मागा, आणि ते कोणत्या काडतुसाने झाडलं तेही विचारा. मग दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागात, अक्रोडाचे रेषे सरळ जातात का ते पाहा. तिथे आडवे रेषे असतील तर लाकूड कितीही देखणं असो, फुटायचं. तेवढ्याच पैशांत उत्तम जुळवलेली साधी बॉक्सलॉक आणि नक्षीदार पण सुमार जुळणीची साइडलॉक मिळत असेल, तर बिनदिक्कत बॉक्सलॉक घ्या. जुळणी सारखीच असेल आणि ऐपत असेल, तरच बॅक-ॲक्शन साइडलॉककडे वळा.