जुन्या एमजीबीचे दिवे: चांगला हॅलोजन, १००/९०, एचआयडी की एलईडी?

गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या साखळीहून रात्री परतताना रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय मला दिसली ती अगदी बंपरपाशी. गाडी १९७१ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, वर ताडपत्रीचं छप्पर, पाऊस मी म्हणतोय आणि पुढे उजेड देवघरातल्या समईइतका. दुसऱ्या दिवशी सकाळीच ‘जास्त पॉवरचा बल्ब’ आणायला म्हापशात हजर झालो. जुनी स्पोर्ट्स कार नव्यानं घेतलेला माणूस आधी हेच करतो.

इलेक्ट्रिशियननं बल्ब दाखवलाच नाही. “बाब, बल्ब रावूं दी, पयलीं वायर पळोवया,” म्हणत त्यानं हेडलाइटचा होल्डर ओढून काढला. पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, एक पाती काळीनिळी. इंजिन चालू ठेवून मीटर लावला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, होल्डरवर ११.४. अडीचेक व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते.

हा आकडा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात नाही, तर साधारण ३.४ च्या घातानं बदलतो. एच-फोर (हाय बीम आणि डिपर अशा दोन तारांचा नेहमीचा हॅलोजन) बल्बचा डिपरचा उजेड १३.२ व्होल्टवर साधारण १,००० लुमेन, ११.४ वर तो ६०० च्या आसपास येतो. म्हणजे बल्ब चांगलाच होता, उपाशी होता. एमजीबीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून फिरून जातो. मूळ वायरिंगमध्ये रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा स्विच) नाही, हेडलाइटला फ्यूजही नाही. पन्नास वर्षांची तांब्याची तार, त्यात आपल्याकडची खारी हवा. अर्थिंगच्या स्क्रूवर हिरवट थर बसणारच.

म्हणून पहिला पर्याय बल्ब नव्हेच: दोन रिले, जाड वायर, बॅटरीपासून थेट लाइन आणि तिला फ्यूज. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो. माझ्या होल्डरवर यानंतर १३.३ व्होल्ट आले आणि बल्ब तोच जुना. त्या रात्री बायकोनं विचारलं, “दिवे नवे घातलेस?” हे काम केल्याशिवाय खालचं काहीही विकत घेऊ नका.

रिलेनंतर साधा ६०/५५ वॅटचा (हाय बीम ६०, डिपर ५५) चांगल्या कंपनीचा हॅलोजन बहुतेकांना पुरतो. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापून काच तिथेच दगा देते. ज्यांच्या खोक्यावर ‘१३० टक्के जास्त उजेड’ वगैरे लिहिलेलं असतं, ते बल्ब याच वॅटचे असतात. तार बारीक आणि जास्त तापलेली, त्यामुळे उजेड खरोखर लांब जातो, पण आयुष्य कमी. रविवारी मिरामारपर्यंत चक्कर मारणाऱ्याला चालेल. रोज रात्री चालवणाऱ्यानं एक बल्ब डिकीत ठेवावा.

१००/९० हा आपल्या बाजारातला जुना मोह. जीपवाल्यांनी, बुलेटवाल्यांनी तो लोकप्रिय केला आणि सात इंची गोल दिवा सगळ्यांचा तोच, त्यामुळे एमजीबीतही आरामात बसतो. पण डिपरवर दोन बल्ब मिळून पंधरा अँपिअर मागतात. माझ्यासारख्या गाडीचा लुकसचा अल्टरनेटर जेमतेम चौतीस अँपिअरचा. त्यात वायपर, हीटरचा पंखा, मागचे दिवे, इग्निशन. पावसात, ट्रॅफिकमध्ये, आयडलिंगवर हिशेब जमत नाही. शिवाय रिफ्लेक्टर करपतो, होल्डर वितळतो आणि समोरचा शिव्या देतो ते वेगळंच. एच-फोरची मान्य क्षमता ६०/५५ आहे, त्यामुळे इथे कायदाही तुमच्या बाजूनं नाही. माझ्या मते हा पर्याय बादच.

एचआयडी, म्हणजे तारेऐवजी गॅसमधल्या ठिणगीनं पेटणारा दिवा. त्याच्या किटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ३५ वॅटमध्ये भरपूर उजेड, पण साध्या रिफ्लेक्टरमध्ये तो चहूकडे सांडतो. पेटून पूर्ण तेजात यायला काही सेकंद लागतात, वर त्याला वीज पुरवणारा बॅलास्टचा डबा कुठे लपवायचा हा प्रश्न. प्रोजेक्टर, म्हणजे उजेड भिंगातून नेमका टाकणारा दिवा, नसेल तर नको.

खरा घोळ एलईडी बल्बचा आहे. दुकानात पेटवून दाखवला की डोळे दिपतात आणि खिसा आपोआप उघडतो. एच-फोरमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते आणि म्हणून उजेडाची वरची कड स्वच्छ कापली जाते. एलईडीत त्या बारीक तारेच्या जागी पट्टीवर चिकटवलेले चिप असतात. ते अगदी त्याच जागी, त्याच आकाराचे नसतील तर कड फिसकटते. मग गाडीपुढचे दहा मीटर लख्ख, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. चोर्ला घाटात धुकं असताना वर सांडलेला तो पांढरा उजेड भिंतीसारखा समोर उभा राहतो. एलईडी बल्ब थंड ठेवणारा मागचा पंखा हेडलाइटच्या बंद डब्यात कोंडतो, तेही आहेच. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. हॅलोजनला उलटसुलट फरक पडत नाही, एलईडीला पडतो.

याउलट पूर्ण सात इंची एलईडी युनिट, ज्यात भिंग आणि चिप एकमेकांसाठीच बनवलेले असतात, हा प्रामाणिक पर्याय आहे. वॅट कमी, कड धारदार, जुन्या अल्टरनेटरला आराम. दोन तक्रारी. चेहरा बदलतो, गोल काचेची ती रेघांची नक्षी गेली की एमजीबी एमजीबी वाटत नाही, निदान मला. आणि हॅलोजनइतकी त्याची काच तापत नाही, त्यामुळे जुलैत आत धरलेलं बाष्प लवकर जात नाही. सीलिंग बघून घ्या. कागदोपत्री मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, तेव्हा जुनी युनिट्स फेकू नका.

काच कोणतीही घ्या, ती डाव्या बाजूनं चालणाऱ्या रस्त्यांसाठीच हवी. पोर्तुगालनं १९२८ मध्ये उजवी बाजू धरली तेव्हाही गोवा डावीकडेच राहिला. पण युरोपातून मागवलेल्या काचेचा प्रकाश उजवीकडे उचललेला असतो, म्हणजे इथे थेट समोरच्याच्या डोळ्यात.

माझी निवड म्हणाल तर रिले आणि साधा ६०/५५. तुम्ही फोंडा-पणजी रोज रात्री करत असाल आणि रूपाचं फार मनावर घेत नसाल, तर पूर्ण एलईडी युनिट. नुसता एलईडी बल्ब मात्र फुकट दिला तरी नको.

काही बसवलं की सपाट जागी, भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची खडूनं भिंतीवर आखा आणि डिपरची कड त्या रेघेच्या तीन इंच खाली येईपर्यंत रिंगवरचा स्क्रू फिरवा. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे.