‘हे मेडल आहे, नाणं नाही’ या एका वाक्याचे ९५० लेई

बुखारेस्टला नोकरीला होतो तेव्हा रविवारी जुन्या बाजारात फिरायची सवय लागली होती. रोमानियाच्या कारोल राजाचं १९०६ चं ज्युबिलीचं ५ लेईचं (लेई हे तिथलं चलन) चांदीचं नाणं मी तिथंच ओळखायला शिकलो. एका बाजूला तरुण कारोल, दुसऱ्या बाजूला म्हातारा. तेवढ्यावर स्वतःला जाणकार समजायला लागलो.

२०१९ च्या शरदात एका टेबलावर ‘आर्देआलुल नॉस्ट्रु’ दिसलं. म्हणजे ‘आमचं ट्रान्सिल्व्हेनिया’. १९४० मध्ये हंगेरीकडे गेलेला त्याचा उत्तर भाग परत मिळाला, त्या १९४४ सालचं हे सोन्याचं मेडल. जुन्या काळचा राजा मिहाय शूर आणि विसाव्या शतकातले रोमानियाचे राजे फर्डिनांड आणि मिहाय पहिला, तिघांचे चेहरे एकामागे एक. मागे मुकुटधारी गरुड. मी मुद्दाम सनं तपासली. शूर मिहायने प्रांत एकत्र आणले १६०० मध्ये, पण मेडलवर १६०१ असतं, त्याच्या मृत्यूचं साल. इथंही १६०१ च होतं. मनात म्हटलं, नकली करणाऱ्याला एवढं कुठलं कळायला! (त्याला कळायची गरजच नव्हती. अस्सल मेडलचा साचा काढला की सनं आपोआप येतात.)

कड जरा जाड वाटली. विचारलं, तर विक्रेता शांतपणे म्हणाला, “हे मेडल आहे, नाणं नाही. किंमत कुठं लिहिलीय का? मेडलला ठरलेलं वजन नसतं.” किंमत खरंच लिहिलेली नसते, त्यामुळे पुढचंही मी खरं धरलं. सोन्याच्या भावानेच ते बाराशे लेईच्या आसपास जायला हवं होतं, तो ९५० ला देत होता. शंका यायला हवी होती, पण मला आनंद झाला.

दिवाळीला पुण्यात आलो तेव्हा घरच्या सराफांना कौतुकाने दाखवलं. त्यांनी राजांकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी काट्यावर ठेवलं. ५.१ ग्रॅम. अस्सल मेडल ६.५५ ग्रॅमचं, ९०० कसाचं (हजारात ९०० भाग सोनं), व्यास २१ मिलिमीटर. मग दोऱ्याला बांधून पाण्यात सोडून तोललं. सोनं पितळेपेक्षा खूप जड, त्यामुळे आकारमान कमी आणि पाण्यातली घटही कमी: अस्सल मेडलचं वजन पाण्यात जेमतेम ०.३८ ग्रॅमने घटतं, माझ्याचं घटलं ०.६ ने. “दादा, पितळ आहे, वर मुलामा,” एवढंच बोलून त्यांनी चहा मागवला.

घरी आल्यावर भिंगातून पाहिलं तर फर्डिनांडच्या कानामागे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला. ओतकामाची खूण.

परतल्यावर तो विक्रेता काही दिसला नाही. वसंतात मात्र दुसऱ्याच टेबलावर एक कॉलेजातला मुलगा तेच मेडल निरखत होता. मी भिंग पुढे केलं. फर्डिनांडच्या कानामागे तोच खड्डा, त्याच जागी, म्हणजे साचाही तोच. मी खिशातला छोटा काटा काढून टेबलावर ठेवला, तसं टेबलवाल्याने मेडल उचलून डबीत टाकलं आणि म्हणाला, “हे विकायचं नाही.”